४,७४,००१ : मोठी संख्या कशी उलगडावी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या पत्त्यांखाली ४७४००१ हा पिनकोड लिहिलेला असतो. पत्र पोहोचलं की त्या आकड्याचं काम संपलं. पण तोच आकडा चौकटीच्या वहीत उतरवून घेतला, तर सहा अंकी संख्या कशी उलगडायची हे शिकायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण ग्वाल्हेरात दुसरं मिळणार नाही. फार सोपा नाही, फार चिवटही नाही, आणि नेमक्या ज्या जागी मुलं (आणि मोठी माणसं) चुकतात त्या सगळ्या जागा याच्यात आहेत.

पिनकोड ही मोजून आलेली संख्या नव्हे, नुसती खूण आहे, हे आधी मान्य करू. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतात काव्य लिहिणारे. पहिला अंक ४ म्हणजे मध्य प्रदेश-महाराष्ट्राचा विभाग, ३ म्हणजे गुजरात-राजस्थानचा. त्या अंकांची आपल्या कामाला गरज नाही. आपण ४७४००१ला साधी पूर्ण संख्या मानणार आहोत.

वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे लिहा ‘स्वभाव’, उजवीकडे ‘पेहराव’. मूळ अवयव, विभाजक, वर्गांच्या बेरजा हे सगळं स्वभावात येतं. संख्या कुठल्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाही. अंकांची बेरीज, उलट वाचन, द्विमान रूप (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेलं) हे सगळं पेहरावात, कारण दहाऐवजी दुसरा पाया घेतला की ते पार बदलतं. नव्वद टक्के घोळ या दोन गोष्टी एकाच यादीत कोंबल्यामुळे होतात.

शब्दांबद्दलही एकदा बोलून घ्यायला हवं. इथली बहुतेक मुलं हिंदीतून गणित शिकतात. त्यांची ‘अभाज्य संख्या’ म्हणजे आपली मूळ संख्या, ‘गुणनखंड’ म्हणजे अवयव, ‘महत्तम समापवर्तक’ म्हणजे मसावि. इथवर ठीक. खरी गोची ‘भाज्य’ या शब्दाची. हिंदी पुस्तकात भाज्य संख्या म्हणजे संयुक्त संख्या, आणि घरी आजोबा भागाकार शिकवताना ज्याला भागायचं त्याला भाज्य म्हणतात. मूल गप्प बसलं तर ते भागाकारात अडलंय की शब्दात, हे आधी विचारा.

उतरवून घेणं आणि पहिली चाळणी

संख्या लिहिताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्या: ४,७४,००१, म्हणजे चार लाख चौऱ्याहत्तर हजार एक. संगणक बऱ्याचदा ४७४,००१ असा तीन-तीनांचा गट पाडतो. संख्या तीच, पण घाईत वाचताना मधलं एक शून्य गळतं. ४७,४०१ झालं की पुढचं सगळं उत्तर चुकतं: मूळ संख्येला ११ने नि:शेष भाग जातो, या गळक्या संख्येला जात नाही, बाकी २ उरते.

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+७+४+०+०+१ = १६, म्हणून ३ आणि ९ बाद.

आता ७, ११ आणि १३. या तिघांसाठी तीन वेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१ होतात, आणि त्यामुळे एक सोय मिळते: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचे. आपल्या संख्येत गट दोनच, ००१ आणि ४७४. १ − ४७४ = −४७३. चिन्ह सोडून द्या. ४७३ला ७ने भागलं तर बाकी ४, १३ने भागलं तर ५, आणि ११ने भागलं तर शून्य, कारण ४७३ = ११ × ४३. म्हणजे ४,७४,००१ला ११ने भाग जातो. ७ आणि १३ गेले.

सापळा इथेच आहे. ४७३मध्ये ४३ दिसला, म्हणून ४३सुद्धा अवयव असणार, असं वाटतं. तसं नाही. ही युक्ती फक्त १००१च्या अवयवांबद्दल बोलते, बाकी कुणाबद्दल ती काहीही सांगत नाही. करून बघा: ४३ × ११,०२३ = ४,७३,९८९, बाकी १२.

भागत जाणं

कुठपर्यंत भागायचं हे आधी ठरवा. संख्येच्या वर्गमुळाच्या पुढे जायची गरज नसते, कारण दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. ६८८² = ४,७३,३४४ आणि ६८९² = ४,७४,७२१, म्हणून कमाल मर्यादा ६८८. तिथवर १२४ मूळ संख्या आहेत. घाबरू नका, एवढ्या लागणार नाहीत.

४,७४,००१ ÷ ११ = ४३,०९१.

एक अवयव निघाला की दोन गोष्टी लगेच करायच्या, आणि दोन्ही विसरल्या जातात. एक, त्याच अवयवाने पुन्हा भागून पाहायचं. ४३,०९१ला ११ने पुन्हा भाग जातो का? उजवीकडून एकेक अंक आळीपाळीने अधिक-उणे करा: १ − ९ + ० − ३ + ४ = −७. जात नाही. दोन, मर्यादा नव्याने काढायची. २०७² = ४२,८४९ आणि २०८² = ४३,२६४, म्हणून आता २०७ पुरे. ६८८वरून २०७वर आलो, अर्ध्याहून जास्त काम वाचलं. ७ आणि त्याखालच्या संख्यांना परत हात लावायचा नाही. त्या मोठ्या संख्येला भागू शकल्या नाहीत, तर तिच्या तुकड्याला कुठून भागतील?

आता १३पासून पुढे. १३ आधीच बाद झाला आहे, पण ताळा म्हणून पहिला भागाकार तोच करून पाहायला हरकत नाही. बाक्या अशा येतात: १३ला ९, १७ला १३, १९ला १८, २३ला १२, २९ला २६, ३१ला १, ३७ला २३, आणि ४१ला शून्य. तिसापर्यंतचे पाढे ज्याला येतात त्याचं काम २९पर्यंत तोंडी होतं. एकोणतीसचा पाढा उगाच पाठ करून घेत नव्हते. ३१शी मात्र थांबा. ३१ × १३९० = ४३,०९०, बाकी एक. ही एकची बाकी घाईत शून्य वाचली जाते आणि वहीत ३१ हा अवयव म्हणून मिरवू लागतो.

४३,०९१ ÷ ४१ = १०५१.

आता १०५१ मूळ आहे का, यासाठी पुन्हा ७पासून सुरुवात करायची नाही. ४१च्या खालच्या सगळ्या मूळ संख्या ४३,०९१वर अपयशी ठरल्या, म्हणजे १०५१वरही ठरणार. आणि ४१² = १६८१, हा १०५१पेक्षा मोठा. मग १०५१ला फोडायला कुणी उरलंच नाही. एकही नवा भागाकार न करता तो मूळ ठरला.

४,७४,००१ = ११ × ४१ × १०५१.

ताळा करा. नवाचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची: ११चे २, ४१चे ५, १०५१चे ७, गुणाकार ७०, म्हणजे ७. संख्येच्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. जुळलं. पण नवाचा ताळा एका चुकीपुढे आंधळा आहे: ४१च्या जागी १४ लिहिलं तरी तो खूशच राहतो, कारण दोन्हींची बेरीज पाच. शेजारचे अंक उलटसुलट झाले असतील तर अकराचा ताळा ते सहसा पकडतो. म्हणून दोन्ही करायचे. इथे तर ११ हा अवयवच आहे, तेव्हा ११च्या ताळ्यात शून्य यायलाच हवं: १ − ० + ० − ४ + ७ − ४ = ०.

स्वभावाचा रकाना

अवयव हाती आले की बाकीचं जवळजवळ फुकट मिळतं. तीन वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. अशा संख्येला स्फेनिक म्हणतात. १ सोडून कुठलाही वर्ग तिला भागत नाही, म्हणून ती वर्गमुक्तही आहे.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा नाही, २ × २ × २ = ८. ते असे: १, ११, ४१, ४५१, १०५१, ११,५६१, ४३,०९१, ४,७४,००१. सगळ्यांची बेरीज काढायला यादी लिहायची गरज नाही, (११+१) × (४१+१) × (१०५१+१) = १२ × ४२ × १०५२ = ५,३०,२०८. तरी एकदा यादीची बेरीज करून पाहा. तीही ५,३०,२०८च यायला हवी. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ५६,२०७ उरतात. स्वतःपेक्षा कितीतरी कमी, म्हणून ही न्यून संख्या. बेरीज बरोबर तेवढीच आली असती तर तिला परिपूर्ण म्हटलं असतं, जशी ६ किंवा २८.

१पासून ४,७४,००१पर्यंत तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ सोडून तिच्याशी एकही सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या किती? (११−१) × (४१−१) × (१०५१−१) = १० × ४० × १०५० = ४,२०,०००. एवढं गोळीबंद उत्तर क्वचितच येतं. ते पाहून आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं, पण बरोबर आहे.

वर्गांच्या फरकाने ती किती तऱ्हांनी लिहिता येते? विषम संख्येला आठ विभाजक, म्हणजे चार जोड्या, म्हणजे चार तऱ्हा. जोडीतल्या दोघांच्या बेरजेचं निम्मं आणि फरकाचं निम्मं घ्यायचं. ४५१ आणि १०५१ या जोडीतून ७५१² − ३००² येतं: ५,६४,००१ − ९०,०००. हीच गोष्ट उलटी केली की फेर्माची अवयव काढायची रीत होते: ६८९पासून सुरू करून प्रत्येकाच्या वर्गातून संख्या वजा करायची आणि उत्तर पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. इथे ७५१ला पोहोचेपर्यंत ६३ वेळा करावं लागतं. दोन अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतील तरच ही रीत वापरा, नाहीतर साधा भागाकार बरा.

वर्गांच्या बेरजेत मात्र बहुतेक जण फसतात. ‘चारने भागल्यावर बाकी १ उरली की संख्या दोन वर्गांची बेरीज असते’ हे वाक्य अर्धवट लक्षात राहिलेलं असतं. ४,७४,००१ला चारने भागा, बाकी १. तरीही ती दोन वर्गांची बेरीज होत नाही. ते वाक्य फक्त मूळ संख्यांसाठी खरं आहे. संयुक्त संख्येत एकेक मूळ अवयव तपासायचा: चारने भागून ज्याची बाकी ३ उरते तो अवयव सम वेळा आला पाहिजे. ११ची बाकी ३, १०५१चीही ३, आणि दोघे एकेकदाच आलेत. दोन तिनांचा गुणाकार नऊ, त्याची बाकी एक. म्हणून वरवर सगळं ठीक दिसतं. तीन वर्ग घेतले की मात्र जमतं: ६८८² + २४² + ९².

इंदूर आणि बडोदा

इंदूरच्या ४,५२,००१ या पिनकोडच्या अंकांची बेरीज १२, म्हणून ३ने भाग, मग ११ने भाग, उरतात १३,६९७. मर्यादा ११७. घरात मूळ संख्यांची यादी सहसा १००पर्यंतची असते, शेवटची ९७. तिथे पोहोचून काही सापडलं नाही की ‘झालं, मूळ आहे’ म्हणून पेन खाली ठेवला जातो. १०१, १०३, १०७, १०९, ११३ हे पाच राहिलेच की! तेही करा. १०७ला बाकी १ उरते, बाकीच्यांनाही भाग जात नाही. १३,६९७ खरोखरच मूळ, पण तसं म्हणायचा हक्क ११३नंतरच मिळतो.

बडोद्याचा ३,९०,००१ हा वेगळ्याच जातीचा. मर्यादा ६२४, तिथवर ११४ मूळ संख्या, आणि आधीच सांगून टाकतो, एकही भागत नाही. बडोद्याचा हा पिनकोड मूळ संख्या आहे. पण ११४ भागाकार करण्याआधी संख्येकडे जरा निरखून पाहिलं तर मोठी सूट मिळते.

६२५² = ३,९०,६२५. त्यातून ६२५ वजा करून १ मिळवला की ३,९०,००१. आणि ६२५ म्हणजे ५चा चौथा घात. म्हणजे ही संख्या ५⁸ − ५⁴ + १. तिला ५⁴ + १ने, म्हणजे ६२६ने, गुणलं की ५¹² + १ मिळतं: ३,९०,००१ × ६२६ = २४,४१,४०,६२६. आता समजा एखादी मूळ संख्या ३,९०,००१ला भागते. तिच्या हिशेबात, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाकीत, ५चा बारावा घात −१ येतो, चोविसावा १ येतो, आणि त्याआधी कुठेही १ येत नाही. (आठव्या घाताला १ येण्यासाठी ती मूळ संख्या ३ असावी लागेल, पण अंकांची बेरीज १३, तेव्हा ३चा प्रश्नच नाही.) आणि मूळ संख्येच्या हिशेबात तिच्याहून एकने कमी इतका घात नेहमीच १ येतो, म्हणून अशा मूळ संख्येला २४ने भागलं तर बाकी १च उरली पाहिजे. ६२४च्या आत अशा अकराच आहेत: ७३, ९७, १९३, २४१, ३१३, ३३७, ४०९, ४३३, ४५७, ५७७, ६०१. अकरा भागाकार, अकरा बाक्या: ३५, ६१, १४१, ६३, ३, ९२, २२४, ३०१, १८०, ५२६, ५५३. शून्य कुठेच नाही. ११४ ऐवजी ११मध्ये निकाल.

३१३ला बाकी ३ उरते, तिथे जरा जपून.

मूळ आहे आणि चारने भागल्यावर बाकी १, म्हणून इथे ते अर्धवट आठवणारं वाक्य पूर्ण लागू पडतं: ३,९०,००१ = ६२४² + २५². आणखी एक इशारा. फेर्माची मूळत्व-चाचणी (पायाचा, संख्येहून एकने कमी इतका घात घ्यायचा आणि संख्येने भागून बाकी १ येते का ते बघायचं) या संख्येवर पाया ५ घेऊन करू नका. ३,९०,००० हा २४च्या पटीत आहे, म्हणून ५चा तेवढा घात १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो. ती चाचणी काहीही सिद्ध करत नाही. पाया दुसरा घ्या, आणि तरीही लक्षात ठेवा की ५६१ (३ × ११ × १७) अशीही एक संख्या आहे जी तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायावर ही चाचणी पास होते.

किल्ल्यावरची संख्या

आतापर्यंतच्या संख्या विभाजकांच्या बाबतीत कंजूष होत्या. उलट बाजू पाहायची तर आपल्याच किल्ल्यावर जा. चढावरच्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इ.स. ८७६चा, शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोजच्या ५० माळा. २७० आणि ५० मधलं शून्य तिथे लहानशा वर्तुळाने कोरलंय. (जगातलं सर्वांत जुनं शून्य म्हणून ते दाखवलं जातं, ते बरोबर नाही, कंबोडियातल्या ६८३च्या लेखात शून्य आहे. आपलं तरी काही कमी जुनं नाही.)

बागेचं क्षेत्रफळ २७० × १८७ = ५०,४९० चौरस हात. अवयव पाडायला भागाकार नकोतच, लांबी-रुंदीचे वेगळे पाडून जोडायचे: २७० = २ × ३³ × ५ आणि १८७ = ११ × १७.

इथे ३ तीनदा आलाय, आणि नेमकं तिथेच सूत्र चुकतं. विभाजकांची संख्या: घातात एक मिळवून गुणायचं, २ × ४ × २ × २ × २ = ६४. विभाजकांची बेरीज काढताना २७साठी (३+१) तीनदा गुणून ६४ घेणारे पुष्कळ. चूक. २७चे विभाजक १, ३, ९, २७, त्यांची बेरीज ४०. म्हणून ३ × ४० × ६ × १२ × १८ = १,५५,५२०. चुकीच्या रीतीने २,४८,८३२ येतं, आणि ते १२चा पाचवा घात असल्यामुळे इतकं देखणं दिसतं की शंकाही येत नाही. सहमूळ मोजतानाही तेच: २७साठी २ × २ × २ नव्हे, तर २७ − ९ = १८. एकूण १ × १८ × ४ × १० × १६ = ११,५२०.

संख्या स्वतः वगळली तर विभाजकांची बेरीज १,०५,०३० उरते, ५०,४९०च्या दुपटीहूनही जास्त. ही अतिरिक्त संख्या, आणि चांगलीच सढळ हाताची. पण वर्गांच्या फरकाने तिला लिहायला जा, एकही तऱ्हा मिळणार नाही: चारने भागल्यावर बाकी २ उरणाऱ्या कुठल्याही संख्येला ते जमत नाही.

पेहरावाचा रकाना

इथे गंमत जास्त, गणित कमी; तरी मुलांना धरून ठेवतो तो हाच रकाना. यातला बराच भाग देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा आहे.

हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती. ४,७४,००१ची बेरीज १६ आणि संख्या विषम, म्हणजे नाही. ५०,४९०ची बेरीज १८, आणि १८ × २८०५ = ५०,४९०. बाग हर्षद निघाली!

स्वयंभू संख्या म्हणजे जी ‘एखादी संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज’ अशी मिळतच नाही. ४,७४,००१ स्वयंभू नाही: ४,७३,९६६ + ३५ घ्या. हे शोधताना अंदाजाने चाचपडू नका. ४,७३,९०० + १०क + ख लिहा, अंकांची बेरीज २३ + क + ख; म्हणून ११क + २ख = ७८, त्यातून क = ६, ख = ६.

आनंदी संख्या: अंकांच्या वर्गांची बेरीज, मग परत तिचीच, असं करत १ येतो का ते बघायचं. १६ + ४९ + १६ + ० + ० + १ = ८२, मग ६८, मग १००, मग १. लश्कर आनंदी आहे.

कापरेकरांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असतो: अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच. पण तो चार अंकांचा. सहा अंकांत ही वाट ५,४९,९४५ किंवा ६,३१,७६४ला थांबते, नाहीतर सात संख्यांच्या चक्रात अडकते. ४,७४,००१चं काय होतं? ७,४४,१०० − ००१४४७ = ७,४२,६५३. पुढे ५,३०,८६५, ८,२९,९६२, ७,७१,७२३, ६,५३,५४४, ३,१०,८८७, ८,७३,५२२, ६,५१,७४४, ६,२०,८७४, आणि दहाव्या वजाबाकीला ८,५१,७४२. हा चक्रातला. तिथून ७,५०,८४३, ८,४०,८५२, ८,६०,८३२, ८,६२,६३२, ६,४२,६५४, ४,२०,८७६ आणि परत ८,५१,७४२. वाटेत कुठेही शून्य टाकून द्यायचं नाही. सुरुवातीची शून्यं गाळली की संख्या पाच अंकी होते आणि वाटच बदलते.

द्विमान रूप: २ने भागत जा, बाक्या खालून वर वाचा. १११००१११०१११००१०००१, एकोणीस अंक, त्यात ११ एक. बाक्या वरून खाली वाचल्या तर १०००१००१११०१११००१११ मिळतं. तेही एकने सुरू होतं, एकनेच संपतं, एकही तेवढेच. म्हणून नजरेला खटकत नाही, पण ती संख्या २,८२,३४३ आहे. परत दशमानात आणून बघितल्याशिवाय हा कप्पा पूर्ण झाला असं समजू नका.

अठरा अंक झाले तर

तिन्ही पिनकोड ओळीने लावा: ४७४००१४५२००१३९०००१. हा आकडा एक्सेलमध्ये टाका. शेवटचे तीन अंक ००० होतात, कारण एक्सेल पंधराच अंक सांभाळतो. म्हणजे विषम संख्या सम झाली, ५नेही भाग जायला लागला, आणि पडद्यावर कुठलीही तक्रार नाही. मजकूर म्हणून टाकली तर अंक टिकतात, पण हिशेब करायला गेलं की पुन्हा तेच. फोनवरच्या कॅल्क्युलेटरचाही आधी असा कस लावून मगच भरवसा ठेवा. पायथॉनमध्ये संख्या कितीही लांब चालते, फक्त भागाकाराला दोन तिरप्या रेघांचं चिन्ह वापरा. एका रेघेचं चिन्ह दशांश अपूर्णांकात जाऊन शेवटचे अंक खाऊन टाकतं.

हाताने मात्र १००१ची युक्ती इथेही तशीच चालते. उजवीकडून गट: १ − ३९० + १ − ४५२ + १ − ४७४ = −१३१३. ७ने बाकी ४, ११नेही ४, आणि १३१३ = १३ × १०१, म्हणजे १३ने भाग जातो. १०१ दिसला म्हणून हुरळून जायचं नाही, ४३चं काय झालं ते आठवा. १०१साठी दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने घ्यायचे असतात, आणि इथे ते २२ येतात.

भागाकार ३६४६१६५०१५३९५३०७७. त्याचं वर्गमूळ १९ कोटींच्या घरात, तिथवर मूळ संख्या एक कोटीच्या आसपास. पेन्सिल इथे खाली ठेवायची आणि लिनक्समधल्या ‘फॅक्टर’ या आज्ञेला किंवा पारी-जीपी या गणिताच्या प्रोग्रामला काम द्यायचं. पण देण्याआधी ताळा: १३चे ४, भागाकाराच्या अंकांची बेरीज ७१, म्हणजे ८, चार आठे बत्तीस, म्हणजे ५. मूळ अठरा अंकांची बेरीज ४१, तीही ५.